ओळख आणि नोंदवही

भोपाळ शहरात सकाळी सातच्या सुमारास रस्त्याने निघणाऱ्यास एक देखावा हटकून दिसतो. एखाद्या चौकाच्या कडेला शेदीडशे माणसे उभी असतात. कोणाच्या हाती थापी व ओळंबा, कोणाच्या हाती रंगाचा कुंचला, कोणाच्या खांद्यावर कुदळ; बायका चुंबळ हातात धरून कठड्याला टेकलेल्या. इकडे ह्या जागेला ‘पीठा’ म्हणतात. मुंबईपुण्याकडे आपण ज्याला नाका म्हणतो तोच हा. ठेकेदाराची गाडी थांबली की गर्दी तिच्याभोवती जमते. ठेकेदार बोटाने दाखवितो, तू ये, तूही ये, तू राहू दे. दहा मिनिटांत गाडी निघून जाते आणि मागे राहिलेले पुन्हा आपापल्या जागी जाऊन उभे राहतात.

प्रभूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. दिवस मावळावयास आला असता धनी पुन्हा बाजारात जातो, रिकाम्या उभ्या असलेल्या माणसांस कारण विचारतो, आणि ती सांगतात की आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. ह्या दाखल्यावर प्रवचन करताना आपण धर्मगुरू बहुधा त्या धन्याच्या औदार्यावर बोलतो. मीही इतकी वर्षे तेच करीत आलो. गेल्या हिवाळ्यात मराठी कुटुंबांच्या प्रार्थनासभेसाठी भोपाळला जाणे झाले, तेव्हा त्या पीठ्याच्या कडेला उभा असता मला प्रथमच त्या मजुरांच्या उत्तराचा विचार पडला. त्या दिवशी त्यापूर्वी चार वेळा धनी बाजारात येऊन गेला होता. चारही वेळा ही माणसे मागे का राहिली, हे दाखल्यात सांगितलेले नाही.

त्याच दिवशी रात्री पिपलानीला एका मराठी कुटुंबाकडे जेवावयास गेलो होतो. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा ह्या वसाहती भेलच्या. (भेल म्हणजे आपली चुरमुऱ्यांची नव्हे; भारत हेवी इलेक्ट्रिकल्स.) १९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाले, आणि जुन्या राज्याची राजधानी असलेल्या नागपूरहून कितीतरी मराठी कारकून, शिक्षक व अधिकारी बिऱ्हाडे घेऊन इकडे आले. त्याच साली सरकारने हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन केली. १९६० मध्ये भोपाळच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले, आणि पुढे १९७४ मध्ये ती कंपनी भेलमध्ये विलीन झाली. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे कामास आली. आमचे यजमान त्या कारखान्यात फिटर होते. सेवानिवृत्त होऊन दहा वर्षे झाली. त्यांचे वडील नागपूरच्या सचिवालयातून बदली होऊन आलेल्यांपैकी एक.

जेवता जेवता मी सहज विचारले, “काका, तुम्हांला कामावर कोणी लावले?”

“कोणीच नाही, फादर,” ते हसून म्हणाले. “एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातले होते. नंबर आला, कार्ड आले, परीक्षा दिली. आमच्या बाबांची त्या कारखान्यात एका शिपायाशीसुद्धा ओळख नव्हती.”

त्यांचा मुलगाही त्याच कारखान्यात जातो, पण ठेकेदारामार्फत. त्याला ते काम कसे मिळाले हे त्याने स्वतःच सांगितले: पॅरिशमधील एका गृहस्थांच्या शेजाऱ्याचा मेहुणा ठेकेदाराकडे मुकादम आहे. मुलगी पुण्यास एका अमेरिकन कंपनीच्या कचेरीत संगणकावर काम करते; सुट्टीसाठी घरी आली होती. ती म्हणाली, “बाबा, आमच्याकडे तर ह्याच्यासाठी निराळा विभागच होता. डायव्हर्सिटी म्हणत. गेल्या वर्षी त्या खोलीवरची पाटी बदलली. आता ‘संस्कृती’ लिहिले आहे. माणसे तीच आहेत, काय काम करतात ते त्यांनाही सांगता येत नाही.”

मुलगा चिडून म्हणाला, “हवी कशाला ती पाटी? ज्याला काम येते त्याला घ्यावे, एवढाच नियम पुरे.”

ह्यावर जो वाद रंगला तो मी भोपाळहून परत येताना गाडीत पुष्कळ वेळ मनात घोळवीत होतो. कारण बहीणभाऊ ज्या प्रश्नावर भांडत होते तो ह्याच शहरात एकदा फार मोठ्याने विचारला गेला होता, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते.

२००२ सालच्या जानेवारी महिन्याच्या १२ व १३ तारखांस भोपाळ येथे दलित व आदिवासी विचारवंतांची एक परिषद भरली. तत्कालीन मुख्यमंत्री दिग्विजय सिंह ह्यांच्या सरकारने ती भरविली होती. तिच्यामागे विचारांची मांडणी करणाऱ्यांत चंद्रभान प्रसाद हे प्रमुख होते. परिषदेने २१ कलमांचा जाहीरनामा संमत केला. आजवर दलितांच्या मागण्या म्हणजे सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा, असा आपला समज. ह्या जाहीरनाम्यात जमिनीचा प्रश्न होता, शिक्षणाचा होता; पण नवी गोष्ट होती ती बाजाराविषयी. खाजगी उद्योगांनी आपल्या नोकरवर्गात सर्व समाजांस स्थान द्यावे, आणि सरकारने व कंपन्यांनी माल खरेदी करताना व विक्रीच्या एजन्सी देताना दलित व आदिवासी व्यापाऱ्यांसही वाटा द्यावा, अशी ती मागणी होती. नमुना म्हणून अमेरिकेचे नाव घेतले होते. थोड्याच दिवसांनी, २५ जानेवारीस, राष्ट्रपती के. आर. नारायणन ह्यांनी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येच्या भाषणात ह्या भोपाळ जाहीरनाम्याचा आवर्जून उल्लेख केला.

राजकारण्याने भरविलेली परिषद म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. मला मात्र तिच्या मुळाशी असलेला हिशेब खरा वाटतो. राखीव जागा असतात त्या सरकारात व सरकारी कारखान्यांत. १९९१ नंतर सरकारी नोकऱ्या आटत चालल्या. जे काम भेलसारख्या कारखान्यात कायम नोकर करीत ते पुष्कळसे ठेकेदाराकडे गेले. नव्या नोकऱ्या निघाल्या त्या खाजगी कचेऱ्यांत. म्हणजे ज्या विहिरीवर दोर-बादली मिळाली होती तीच आटू लागली, आणि दुसऱ्या विहिरीवर कोणी दोर टाकू देईना. आमच्या यजमानांच्या घरात बाप व मुलगा ह्यांच्यामध्ये जे घडले ते हेच. बापाचे नाव एका नोंदवहीत क्रमाने लिहिले गेले होते. मुलाचे नाव एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी गेले.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणजे रामराज्य होते असे मी म्हणत नाही. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना व २५ किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळविणे भाग पाडले. घ्यावयाचे कोणाला हे मात्र मालकाच्याच हाती ठेवले. नाव घालून वर्षानुवर्षे वाट पाहणारेही पुष्कळ होते. तरी जागा निघाली आहे एवढे तरी परक्याच्या कानावर जात असे.

आता मुलाच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते टाकाऊ नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेल्या माणसाला डॉक्टर कोणत्या समाजाचा हे विचारावेसे वाटत नाही. हात कुशल असावा एवढीच त्याची इच्छा. ज्याला काम येते त्याला घ्यावे, हे तत्त्व उत्तम आहे. प्रश्न इतकाच की त्या तत्त्वाने आज नोकऱ्या दिल्या जातात काय? आपल्या विदर्भातील अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात ह्यांनी पॉल अॅटवेल ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाबरोबर ह्याची परीक्षाच घेतली. वर्तमानपत्रांतील खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. अर्जांतील शिक्षण व अनुभव सारखा. फरक होता तो नावाचा. कोणाचे नाव उच्चवर्णीय हिंदूचे, कोणाचे दलिताचे, कोणाचे मुसलमानाचे. २००७ साली त्यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष छापला. उच्चवर्णीय नावाशी तुलना करता दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोनतृतीयांश, आणि मुसलमान नावाच्या अर्जाला एकतृतीयांश इतकाच निघाला. त्यापूर्वी २००४ मध्ये शिकागो व बोस्टन ह्या शहरांत गोऱ्या व काळ्या लोकांच्या नावांनी केलेल्या तशाच परीक्षेत, गोऱ्या नावांना सुमारे निम्म्याने अधिक बोलावणी आली होती.

ह्यात कोणी कोणाचे काम पाहिलेलेच नव्हते. मुलाखतीची वेळही आली नव्हती. म्हणजे गुणवत्तेची बाजू घेणाऱ्याने ह्या आकड्यांवर सर्वांत आधी रागवावयास हवे.

त्याच अंकात सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन ह्यांचाही एक लेख होता. त्यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांत नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांस भेटून विचारले की तुम्ही उमेदवारात काय पाहता. जात पाहतो असे कोणीही म्हणाले नाही. जात आम्ही मानतच नाही, असेच ते मनापासून सांगत. मात्र उमेदवाराची ‘घरची पार्श्वभूमी’ आम्ही विचारतो, असे त्यांतील बहुतेकांनी सांगितले. वडील काय करतात, घरी कोण कोण, भावंडे काय शिकली. हा लेख मी वाचला तेव्हा माझा चेहरा उतरला. त्याचे कारण पुढे सांगतो.

सरकारने पुढे काय केले हे थोडक्यात सांगून टाकतो. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांनी उद्योगपतींस ह्या बाबतीत आपण होऊन काही करण्याचे आवाहन केले. मूळचे नागपूरचे, टाटा स्टीलचे जे. जे. इराणी ह्यांच्या अध्यक्षतेखाली उद्योगसंघटनांनी समिती नेमली. कायदा नको, जे करावयाचे ते स्वखुशीने करू, असे समितीने सांगितले, आणि गोष्ट तेथेच थांबली. आज शेअर बाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना आपल्या वार्षिक अहवालात स्त्रिया किती व दिव्यांग किती हे छापावे लागते. जातीचा रकाना त्यात नाही. पुण्याच्या त्या मुलीने हे आपल्या शब्दांत सांगितले होते: “फादर, फॉर्मवर कोणी विचारत नाही. कँटीनमध्ये दुसऱ्या आठवड्यात विचारतात. आधी आडनाव, मग गाव, मग गावात घर कुठे.”

आणि ज्या अमेरिकेचा दाखला भोपाळने दिला होता, तिने स्वतः पाठ फिरविली आहे. सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरभरतीत वर्णभेद होऊ नये म्हणून प्रत्यक्ष पावले टाकावीत, असा हुकूम अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी १९६५ साली काढला होता. २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी तो रद्द केला. वॉलमार्ट, मेटा ह्यांसारख्या बड्या कंपन्यांनी त्याच सुमारास आपापले विविधतेचे कार्यक्रम आखडते घेतले. प्रत्येक माणसाकडे माणूस म्हणून पाहावे, गटाचा सभासद म्हणून नव्हे, असे विरोधकांचे म्हणणे. आणि त्यात काही तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. महिलादिनी गुलाबाची फुले वाटून पाटी साजरी करणारे पाटीच्या शत्रूंचेच काम हलके करीत होते.

तेव्हा अमेरिकेने पाटी उतरविली म्हणून आपणही उतरवावी काय? मला वाटते, हा प्रश्न विचारणाऱ्यांस कोल्हापूरचा विसर पडला आहे.

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानाच्या कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १९०२ च्या २६ जुलै रोजी, महाराज विलायतेस असताना, कोल्हापूर दरबाराने हुकूम प्रसिद्ध केला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांस द्याव्यात. ह्या हुकुमाची वाहवा सगळे करतात. त्यातील शेवटची सूचना मात्र फार थोडे वाचतात. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांची यादी दर तीन महिन्यांनी दरबारास पाठवावी, असे तीत म्हटले होते. महाराज माणसे ओळखून होते. नुसत्या सदिच्छेवर हुकूम सोडला असता तर तो कोणत्या टेबलाच्या खणात पडून राहिला असता हे त्यांस ठाऊक होते. १९१२ साली पाहिले तर ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ होते.

खरेदीतील वाट्याची कल्पनाही भोपाळच्या आधी कोल्हापुरात दिसते. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे ह्यांस पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांनी मारणाऱ्यांस शिक्षा केली आणि गंगारामांस आपला धंदा काढण्यास मदत केली. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान थाटले. महाराच्या हातचा चहा घेण्यास कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले. दुकान चालले. ह्यात भिक्षा कोठेच नव्हती. चहा चांगला होता, फक्त गिऱ्हाइकाने दारात पाऊल टाकावयास हवे होते. पुढे २००५ साली मिलिंद कांबळे ह्यांनी पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन केली ती ह्याच वाटेवर. २०१२ पासून केंद्र सरकारच्या खात्यांनी व कंपन्यांनी आपल्या खरेदीपैकी चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योजकांकडून करावी असा नियमही आहे. प्रत्यक्ष खरेदी त्या चार टक्क्यांच्या पुष्कळ खाली राहिलेली आहे. गाडी थांबविणारा महाराज तेथे कोणी नाही.

आता आपल्या अंगणात येतो. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील राहुरी, संगमनेर, श्रीरामपूरकडील आपले ख्रिस्ती बांधव बहुतांशी कोणत्या समाजातून आले हे वाचकांस सांगावयास नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ मध्ये शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस त्या मिळाल्या. ख्रिस्ती व मुसलमान दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढून टाकावी असे सुचविले होते. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन ह्यांचा नवा आयोग नेमण्यात आला. ही लढाई न्यायाची आहे आणि ती आपण लढलीच पाहिजे.

परंतु आपणही मालक आहोत. आपल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे ह्यांत हजारो माणसे नोकरीस आहेत. अल्पसंख्याकांच्या संस्था म्हणून राखीव जागांचे बंधन आपल्यावर नाही. म्हणजे नोकरभरतीपुरते आपण एखाद्या खाजगी कंपनीसारखेच मोकळे आहोत. भारतातील बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले, आणि भेदभावाची प्रथा ख्रिस्तसभेच्या आतही आहे हे त्यात कबूल केले. ती कबुली मला पुस्तकातून पटली नाही. ती मला स्वतःवरून पटली.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेचा व्यवस्थापक होतो. कारकुनाची एक जागा भरावयाची होती. जाहिरात दिली नव्हती. रविवारी मिस्सेनंतर दोघाचौघांस सांगितले, तेवढे पुरले. दोन अर्ज आले. एक मुलगा पॅरिशमधील जुन्या कुटुंबातला, इंग्रजी सफाईदार. दुसरा नगरकडील एका खेड्यातून आलेला. त्याच्या मामाने आमच्याकडच्या माळ्याकडून ऐकून त्याला पाठविले होते. टंकलेखनाची परीक्षा घेतली तीत दुसऱ्याच्या चुका कमी निघाल्या. मग मी दोघांस बसवून घेऊन अगदी मायेने विचारले: घरी कोण कोण असते, वडील काय करतात? पहिल्याचे वडील बँकेत. दुसऱ्याचे वडील ऊसतोडीला जात. जागा मी पहिल्याला दिली. ‘घर माहीतले आहे’ असे शेरा म्हणून लिहिले. तो कागद अजून त्या फाइलीत असेल. जातीचा विचार माझ्या मनास शिवला नाही हे मी शपथेवर सांगू शकलो असतो, आणि दिल्लीचे ते अधिकारीही तेच सांगत होते.

त्या दुसऱ्या मुलाचा पुढे पत्ता लागला नाही. मी शोधलाही उशिराच.

भोपाळहून परतल्यावर मी बाजारातून एक जाड रेघांची वही आणविली. सध्या ज्या शाळेची जबाबदारी माझ्याकडे आहे तेथे गेल्या दहा वर्षांत झालेल्या सर्व नेमणुका मुख्याध्यापिका सिस्टर व मी दोघांनी मिळून तीत उतरवून काढल्या. जाहिरात दिली होती काय, अर्ज किती आले, घेतला तो कोणाच्या ओळखीने. शेवटचा रकाना भरताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. यापुढे जागा निघाली की सूचना आसपासच्या तिन्ही गावांच्या ग्रामपंचायतीत लावावयाची, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक घालावयाचा, असे ठरविले.

वही आखताना आमच्या लेखनिकाने विचारले, “फादर, जातीचा रकाना घालू का?” मी उत्तर देऊ शकलो नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जी खूण पुसली गेली असे आपण शिकवितो, ती शाळेच्या कचेरीत पुन्हा शाईने लिहावयाची, हे मनास पटेना. आणि न लिहावे तर पाच वर्षांनी वही उघडून काय पाहणार, हेही कळेना. सिस्टरांचे म्हणणे रकाना असावा. शाळा समितीतील एक ज्येष्ठ गृहस्थ, जे स्वतः राहुरीकडचे आहेत, म्हणाले, “माझे नाव त्या रकान्यात लिहाल तर मी समिती सोडीन.” तूर्त आम्ही त्या जागी ‘गाव’, ‘वडिलांचा व्यवसाय’ आणि ‘घरात दहावी झालेला पहिलाच आहे काय’ असे तीन रकाने घातले आहेत. हे रकाने नेमणूक झाल्यावर भरावयाचे, आधी नाही. जूनमध्ये शिपायाची एक जागा निघणार आहे.